उजेडातलं जेवण

मी कोल्हापूरकडचं कबनूर सोडलं त्या दिवशी आप्पांनी माग बंद केले होते. घरामागच्या शेडात आमचे चार माग होते आणि ते वीज गेली तरच थांबायचे. आमच्या वस्तीत कुणी वारलं तरी माणसं मातीला जाऊन यायची, आंघोळ करायची आणि पुन्हा मागावर उभी राहायची. पण त्या दिवशी वीज असून आप्पांनी आपण होऊन बटण दाबलं. लेक लग्न होऊन पुण्याला निघाली होती. आणि गंमत बघा, शेड गप्प झालं तरी घरातलं एक माणूस हळू बोलेल तर शपथ. जन्मभर मागाच्या खडखडाटावर आवाज चढवून बोललेली आम्ही माणसं. आई स्वयंपाकघरातून ओरडत होती, "सुनंदे, जेवून घे गं, गाडीतच दिवस मावळंल!" ते पार चौकापर्यंत ऐकू गेलं असणार.

तेव्हा चार वाजले होते. दुपारचं जेवण अजून गळ्याशी होतं. पण आम्ही जैन. आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. उजेड जायच्या आत ताट घासून पालथं पडलं पाहिजे. मी मुकाट बसले. आमचे हे नवे जावई, लाजेपोटी 'नको' म्हणता येईना, त्यांनी गव्हाची हुग्गी, म्हणजे आमच्याकडची खीर, दोनदा वाढून घेतली आणि गाडीत अगदी कराडपर्यंत पोट धरून बसले. एसटीच्या खिडकीशी आप्पा आले. मला वाटलं, आता रडतील. ते म्हणाले, "जाशील तिथं उजेडात जेव. बाकीचं तुझं तू बघ." एवढाच उपदेश, आणि तोही ओरडून.

त्यांच्या त्या एका वाक्यात आमचं सगळं घर होतं, हे मला फार उशिरा कळलं. पाचच्या सुमाराला आई शेडाच्या दारात यायची. मागाच्या आवाजात हाक ऐकू जायची नाही, म्हणून पाच बोटं जुळवून तोंडाशी न्यायची. तेवढं बघितलं की आप्पा, कामावरचे दोघं, मी, धाकटा भरत, सगळे हात धुऊन ओळीनं बसायचो. कुणी कुणासाठी थांबायचं नाही, कारण सूर्य कुणासाठी थांबत नाही. जेवण उरकलं की अख्खी संध्याकाळ मोकळी. दारातल्या कट्ट्यावर बसून भांडा, हसा, काय वाट्टेल ते करा.

हे मी तिकडं राहिलेल्यांसाठी लिहितेय आणि माझ्यासारखं उठून बाहेर पडलेल्यांसाठीही. तुमचंही काहीतरी असेलच. गावात असताना ते सगळ्यांचं असतं म्हणून दिसत नाही, आणि परगावी गेलं की ते आपल्या एकट्याचं होऊन बसतं. माझं हे जेवण तसलं.

पुण्यात आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत संसार मांडला. हे कंपनीत, मी पुढं एका ऑफिसात. पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "जरा जाऊन येतो," आणि सगळ्या बायका खिदळल्या. आमच्याकडं बायका 'येतो-जातो'च म्हणतात, त्यात काय एवढं! पण महिन्याभरात 'येते-जाते' करायला शिकले. आवाज खाली आणायला शिकले. "सुनंदाताई, आम्ही बहिरे नाही हो," असं गोड हसून सांगायचे लोक. पुण्याचं सगळं गोडच, जपून खावं लागतं.

वेळ मात्र मी सोडली नाही. थंडीच्या दिवसांत साडेपाचला टेबलावर डबा उघडायचे. "ताई, हे लंच की डिनर?" असा एक विनोद तिथं माझ्या रिटायरमेंटपर्यंत चालला. विनोद करणारे बदलले, विनोद तोच. ऑफिसच्या पार्ट्या नवाला सुरू व्हायच्या आणि मी पाण्याचा ग्लास धरून भिंतीला टेकून उभी. "थोडं तरी घ्या," म्हणायचे. मग म्हणायचंही बंद केलं आणि मग बोलवायचंही.

यांचीही तीच गत. घरी यायला सात वाजायचे, म्हणून हेही कंपनीतच डबा खायचे. मग आमचं ठरलं. ते तिकडं झाकण काढणार, त्याच वेळेला मी इकडं. पुढं मोबाइल आले तेव्हा हे मिस्ड कॉल द्यायचे. एक रिंग वाजली की मी पहिला घास घ्यायचा. शहराच्या दोन टोकांना बसून आम्ही जन्मभर बरोबर जेवलो. मूलबाळ झालं नाही. सुट्टीच्या दिवशी समोरासमोर बसायचो, तेव्हा बोलणं कमी आणि एकमेकांच्या ताटाकडं लक्ष जास्त. सुखाचे दिवस होते हो. तेव्हा वाटलं नाही, पण होते.

हे गेले ते एकाएकी. दवाखान्यात न्यायलाही उसंत दिली नाही. त्यानंतर मी कित्येक दिवस साडेपाचला फोन समोर ठेवून बसायचे. वेडेपणा होता, मला काय कळत नव्हतं? पण बसायचे. मग बाहेर अंधार पडायचा आणि ताट तसंच राहायचं. उजेड गेला म्हणून उपाशी झोपायचं आणि सकाळी कुणी विचारलं की "जेवले की" म्हणायचं. विचारायलाही कोण होतं म्हणा!

त्यात बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. मालक म्हणाले, घर सोडावं लागेल. त्याच भागात दुसरी खोली बघायला गेले, तर भाडं ऐकून तशीच जिना उतरले. पेन्शनीत बसणारं घर बघायचं तर शहराच्या पार बाहेर, जिथं रिक्षावालासुद्धा नको म्हणतो. मग जो तो सांगायला लागला, कोल्हापूरला जा. लहान शहर, स्वस्ताई, पाणी चांगलं. ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, "तुझं बरंय बाई, तुला परत जायला गाव तरी आहे." भरत तर फोनवर भांडायलाच उठला. "आक्का, ये की हिकडं! काय ठेवलंय त्या पुण्यात? हितं तुझी मानसं हाईत."

मी भाड्याचा विचार करत नव्हते असं नाही. भाडं कुणाला सुटलंय! पण खरं सांगू का, माझ्या डोक्यात ताट होतं. मी धरूनच चालले होते की तिकडं गेलं की पाच वाजता कुणीतरी हाक मारेल, चार माणसांच्या ओळीत बसून मी जेवेन. ते मिळणार असेल तर पुण्यावर पाणी सोडायला मी तयार होते. आणि तिथंही एकटीनंच जेवायचं असेल, तर एकटीनं जेवायला पुणं काय वाईट? तिथं निदान माझ्या एकटेपणाला कुणी ओळखत तरी नव्हतं.

म्हणून एकदम सामान हलवलं नाही. दिवाळी झाल्यावर कोल्हापुरात शाहूपुरीत महिनाभरासाठी एक खोली घेतली. कबनूरला का नाही, असं तुम्ही विचाराल. माहेरी चार दिवस जावं, लाड करून घ्यावेत, निघून यावं. भरतच्या घरात मुलगा, सून, सगळं भरलेलं. मी तिथं कायमची खाट टाकणं बरं दिसलं नसतं. शाहूपुरीतून कबनूर एसटीनं तासाभराचं, वाटलं तेव्हा जाता येईल असा हिशेब केला.

घरमालकीण इंदूबाई खालीच राहायच्या. किल्ली देतानाच म्हणाल्या, "ताई, रविवारी खिडकी लावून घ्या. आमच्यात मटण असतंय, आन आमी काय खिडकी लावनार न्हाय." मला हसू आलं. पुण्यात हेच सांगायला कुणी चार चिठ्ठ्या लिहिल्या असत्या. पहिल्या संध्याकाळी आठ वाजता त्या वर आल्या.

"जेवला काय?"

"मघाशीच."

"मघाशी म्हंजे कवा?"

"साडेपाचला."

त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "बरं वाटंना व्हय?"

मी जैन असल्याचं सांगितलं तेव्हा त्या कपाळावर हात मारून हसल्या. "आमच्या माहेराला शेजार जैनांचाच की! इसरलोच बगा." रोज मग आठला वर येऊन "जेवला न्हवं मघाशी?" असं विचारून जायच्या. बाई मनानं निर्मळ. पण साडेपाच वाजता त्यांच्या घरात नुकता चहा व्हायचा, आणि मी वर दार लोटून जेवायचे.

पहिल्या रविवारी कबनूरला गेले. आदल्या रात्री झोप आली नाही, इतकी मी त्या जेवणाला आसुसले होते. आप्पा-आई जाऊन वर्षं झाली. माग विकले. शेडात आता भरतची गाडी उभी असते. गल्लीत अजून दोन-तीन ठिकाणी खडखडाट ऐकू आला तेव्हा माझं मन भरून आलं, रस्त्यातच डोळे पुसले. घरात शिरले तर माझ्या आईच्या स्वयंपाकघरात गुळगुळीत फरशी आणि डायनिंग टेबल. छान केलंय हो, नावं ठेवायला जागा नाही. भरतची बायको उज्वला पाया पडली, चहा दिला. गप्पा झाल्या. पाच वाजले. कुणी हलेना. सव्वापाच वाजले. सून मोबाइलवर, नातवंड टीव्हीसमोर, भरत पेपर वाचतोय. मी स्वयंपाकघराकडं बघतेय, आणि उजेड कमी कमी होतोय.

मग उज्वला आली. "आक्का, तुमचं वाढलंय."

तुमचं. टेबलावर एकच ताट होतं. भाकरी, मुगाची आमटी, दोडका, शेंगदाण्याची चटणी, दही, वर हुग्गीची वाटी. माझ्या आवडीचं एकूण एक. आणि बाकीच्या खुर्च्या रिकाम्या. मी विचारलं, "तुम्ही?" तर म्हणाली, "आमचं हुतंय की नऊ-साडेनऊला. तुमी बसा."

मी पहिला घास घेतला आणि माझा पाराच चढला. आईच्या घरात, आईच्या हातच्या चवीचं, आणि मी पुण्यातल्या ऑफिसासारखी एकटी! हातातली भाकरी ताटात टाकली आणि इतक्या वर्षांनी असा आवाज लावला की टीव्ही बंद झाला. म्हटलं, आप्पांच्या माघारी घरात धर्म उरला का नाही? मावळायच्या आत जेवायचं सोडलं, मग स्वतःला जैन तरी कशाला म्हणवता? बरंच काय काय बोलले.

भरतनं पेपर खाली ठेवला. मला वाटलं, ऐकून घेईल. लहान भाऊ. पण तोही आप्पांचाच.

"आक्का, तू गेलीस तवाचं घर तू मनात घिऊन बसलीयास. आमी हितं जगतोय न्हवं! मी सुताच्या पेढीवरनं आठला सुटतो. पोरगं रविवारी बी नऊला घरात येतंय. उजेडात जेवायचं का सगळ्यांनी जमून जेवायचं, दोन्हीतलं येकच हुतंय आता. आमी जमून जेवायचं धरलंय. काय चुकलं आमचं?"

काहीच चुकलं नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला. मी जेवण अर्धं टाकून उठले. भरतनं स्टॅंडवर सोडलं. गाडी हलताना तो म्हणाला, "पोचलीस की फोन कर." मी केला नाही.

पुढचे दिवस शाहूपुरीत कसे काढले ते माझं मला ठाऊक. खोलीच्या समोर गुळाचं गोदाम. दिवसभर ट्रक, हमालांच्या आरोळ्या, गुळाचा वास. सगळे मोठ्यानं बोलणारे, माझ्याच जातकुळीचे, आणि त्यात माझ्याशी बोलणारं कुणी नाही. पुण्यात मी परकी होते तर त्याला कारण होतं. इथं दुकानदार "काय पायजे पावणं?" म्हणायचा तेव्हा माझ्या जिवाला लागायचं. माझ्या भाषेत मला पाहुणी म्हणतात! आपलं गाव आपल्याला परकं होतं ना, त्यासारखं एकटेपण दुसरं नाही. परगावी माणूस एकटा असतो तेव्हा त्याच्याकडं गावाची आठवण तरी असते. माझी तीही गेली. कारण भरतचं खरं होतं. मी ज्या घरात परत यायला निघाले होते ते घर त्या लोकांनी केव्हाच सोडलं होतं, जागेवर राहूनच.

मी ठरवलं, पुण्याला परत जायचं. मिळेल तिथं, शहराबाहेर तर बाहेर. इंदूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमचं कोल्हापूर आवडलं न्हाय व्हय?" मी म्हटलं, कोल्हापूरला काय धाड भरलीय, मलाच जमेना.

निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरत होते, तर दारात उज्वला. एकटी. हातात पिशवी, कपाळावर घाम. आजवर ती एकटी कधी माझ्याकडं आली नव्हती. आली की भरतच्या मागं, येताना फळं, जाताना पाया. मला वाटलं, समजूत काढायला पाठवलीय. मी तोंड फिरवून बॅगेत साड्या कोंबत राहिले. तिनं पिशवीतून डबा काढला, जमिनीवर मांडला आणि म्हणाली, "पाच वाजत आल्यात. चला, जेवू."

"चला, जेवू." इतक्या वर्षांत ते मला कुणी म्हटलं नव्हतं.

खोलीत ताट एकच होतं. ते तिनं माझ्यापुढं सरकवलं आणि स्वतः डब्याच्या झाकणात वाढून घेतलं. चार घास झाल्यावर खाली बघतच म्हणाली, "आक्का, त्यादिवशी ह्यांनी सांगितलं, आमी सगळी जमून जेवतो. खरं हाय. पोरं जेवत्यात, ह्ये जेवत्यात. मी वाढतो. सगळ्यांचं झालं की वटा आवरतो, दूध झाकतो, आन मग उरलेलं घिऊन बसतो. तवा कुनी नसतंय. तुमी साडेपाचला एकट्या, मी साडेधाला एकटी. फरक काय?"

रविवारी मी टेबलावर रिकाम्या खुर्च्या मोजल्या, धर्म काढला, आप्पा काढले. आणि ही बाई माझ्या पाठीशी भाकरीचं टोपलं घेऊन उभी होती, ती मला दिसलीच नाही.

"माहेरात मी बी उजेडातच जेवायची," ती म्हणाली. "मामंजी हुते तवर हितं बी. तुमच्या आई माझ्यासाठनं ताट घिऊन थांबायच्या. त्यांच्या मागारी कोन थांबनार? तुमी ऱ्हावा की आक्का. गुरवारी सून घरात असती, ती बगंल चुलीचं. आठवड्यातनं येक दिस तरी मला उजेडात जेवाय मिळंल."

बघा, सगळ्यांनी मला सांगितलं होतं, इथं तुला बरं, इथं तुला स्वस्त, इथं तुझी माणसं. तू आलीस तर मला बरं, असं कुणी म्हटलं नव्हतं. मी तिच्यासमोर ढसाढसा रडले. तीही रडली. आणि मग दोघींनी रडत रडत डबा संपवला, कारण बाहेर उजेड चालला होता.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याची गाडी पकडली नाही. महाद्वार रोडला गेले आणि एक ताट आणलं. चांगलं जड, काठाचं. इंदूबाईंना म्हटलं, खोली ठेवते. त्या म्हणाल्या, "मग सांगा की तसं! मी कालपास्नं तोंड पाडून बसलोय." भरतला फोन केला. तो आधी फुरंगटला, मग म्हणाला, "ऱ्हा. पन आमच्यावर वरडायचं न्हाय." म्हटलं, ते काही जमणार नाही.

तेव्हा, मागं राहिलेल्यांनो, तुम्ही आमच्यासाठी घर जसंच्या तसं ठेवा असं मी आता म्हणणार नाही. तुम्हालाही जगायचंय. आणि माझ्यासारखं परत येऊ म्हणणाऱ्यांनो, स्वस्त भाडं बघून जरूर या, पण घर तिथं तयार असेल असं समजू नका. बाकी सहा दिवस मी इथंही एकटीच जेवते. खोटं कशाला सांगू, संध्याकाळ खायला उठते. माझं घर आता आठवड्यातून एका दिवसाचं आहे, आणि तोही दिवस मी दुसऱ्या कुणाची वाट बघण्यात घालवते. पण वाट बघायला कुणीतरी असणं, हेही मी विसरून गेले होते.

पहिल्याच गुरुवारी घोळ झाला. साखर कारखान्यांचा हंगाम जोरात, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. कुठंतरी एक ट्रॉली उलटली आणि एसट्या अडकल्या. मी चारलाच भाकरी करून बसले होते. पाच वाजले, साडेपाच वाजले. फोन लागेना. ऊन गोदामाच्या पत्र्यावरून उतरलं. जेवून घ्यायला मला कुणी अडवलं नव्हतं. तीही म्हणाली असती, जेवायचं की आक्का. पण दोन ताटं मांडलेली, आणि एकातच वाढायला हात जाईना. खिडकीत उभी राहिले. बघता बघता रस्त्यावरचे दिवे लागले.

ती आली ती धापा टाकत. दोन्ही ताटं कोरडी बघून दारातच थबकली.

"आक्का, तुमी जेवला न्हाय?"

"न्हाय."

"आता वो?"

"आता काय, मी उद्या जेवेन. तू बस. आज राहा इथंच, भरतला सांगते मी."

"तुमी उपाशी, आन मी जेवू व्हय?" ती ऐकेना. तिचंही खरं, अंधार पडलेला आणि मी जेवणार नव्हते. पण मी म्हटलं, "तू रोज साडेदहाला जेवतेस, तेव्हा तुला कुणी वाढत नाही. आज मी वाढते. बस मुकाट." आवाज खालच्या मजल्यावर ऐकू गेला असणार.

बसली. खाली मान घालून भराभर जेवायला लागली, आता कुणीतरी हाक मारेल आणि उठावं लागेल अशी. मी समोर भाकरीचं टोपलं घेऊन बसले. पोटात कावळे ओरडत होते. म्हटलं, "हळू जेव गं. कुणी येत नाही." तिनं वर बघितलं, आणि मग खरंच सावकाश जेवायला लागली. आमटी पुन्हा घेतली. चटणीचं कौतुक केलं. सुनेच्या दोन तक्रारी केल्या. आणि मग ताट माझ्याकडं सरकवून, लहान पोरीसारखी लाजत म्हणाली, "आक्का, आनखी अर्धी वाढा की."